तिसरा अंक कोण काढणार?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले एक विद्यार्थी विचारतात: आम्ही आठ-दहा जण मिळून विज्ञान शाखेतल्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचं नियतकालिक सुरू करतोय. नाव ठरलंय, बोधचिन्ह तयार आहे, दोन सर पाठीशी आहेत. आयएसएसएन कसा मिळवायचा, डीओआयला खर्च किती, यूजीसीच्या यादीत नाव कसं जाईल, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पहिला अंक निघेल का?

मी बडोद्यातच रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीपर्यंत बरीच वर्षं आमच्या महाविद्यालयातल्या मुलांच्या अशाच एका नियतकालिकाचा सल्लागार होतो. त्या अनुभवावर सांगतो. तुम्ही विचारलेल्या गोष्टी बहुतेक कागदपत्रांच्या आहेत आणि त्या होऊन जातात. असली नियतकालिकं अडतात ती दुसरीकडे. लेख येणार कुठून, ते तपासणार कोण, आणि तुम्ही पास होऊन गेलात की पुढचं बघणार कोण? पहिला अंक उत्साहावर निघतो. दुसरा पहिल्यातून उरलेल्या लेखांवर निघतो. तिसऱ्याची वेळ येते तेव्हा मूळ मंडळी पुण्यात नोकरीला नाहीतर कॅनडात असतात, आणि बोधचिन्ह तेवढं मागे उरतं. म्हणून मी तुमच्या प्रश्नांची उत्तरं पटकन देतो आणि जास्त वेळ न विचारलेल्या प्रश्नांवर घालवतो.

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक. भारतात तो दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र देतं. ही संस्था निस्केअर आणि निस्टॅड्स एकत्र करून २०२१मध्ये झाली, त्यामुळे जुन्या पानांवर तुम्हाला निस्केअरचं नाव दिसेल, गोंधळू नका. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात. अर्ज करताना संकेतस्थळावर प्रकाशकाचं नाव-पत्ता, संपादक मंडळ आणि प्रत्यक्ष मजकूर दिसला पाहिजे. नावात मोठा बदल केलात तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, तेव्हा नाव घाईत पक्कं करू नका. आणि कृपा करून त्यात 'इंटरनॅशनल' घालू नका. आपल्याकडे त्या शब्दामागे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांची इतकी मोठी रांग लागलीय की जाणकार माणूस नाव वाचूनच पान उलटतो. हा क्रमांक मिळाला म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, असा समज पुष्कळांचा असतो. तसं काही नाही. एखाद्या संघटनेच्या साध्या वार्तापत्रालाही, ते नियमित निघत असेल तर, असा क्रमांक मिळू शकतो.

यूजीसीच्या यादीचा विषय तर संपलाच आहे. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता नियतकालिक पारखायचे काही निकष यूजीसीने सुचवलेत आणि निर्णय संस्थांवर सोडलाय. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापून आलाच पाहिजे ही अटही २०२२च्या नियमांत उरलेली नाही. म्हणजे 'आमच्याकडे छापा, तुमचं काम होईल' असं सांगून लेख गोळा करण्याचा रस्ता तुमच्यासाठी नाही. माझ्या मते हे भाग्यच समजा. त्या रस्त्याने येणारे लेख कसे असतात ते मी पाहिलंय.

डीओआय हा प्रत्येक लेखाचा कायमचा पत्ता. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सभासदत्व घेतलं तर वार्षिक वर्गणी आणि वर लेखामागे थोडे पैसे, तेही डॉलरमध्ये. विद्यापीठ किंवा ग्रंथालय आधीच सभासद असेल तर तुमचं काम सोपं होईल, ते आधी विचारा. नसेल तर सुरुवातीला प्रत्येक स्वीकारलेला लेख झेनोडो या ऑनलाइन साठ्यावर चढवा. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते आणि तिथे डीओआय फुकट मिळतो. लेख मागवणं, परीक्षणाला पाठवणं, अंक मांडणं या सगळ्यासाठी ओपन जर्नल सिस्टिम्स नावाची मोफत प्रणाली आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाशी जोडलेला गट ती २००१पासून चालवतो. वर्डप्रेसवर घरगुती जुगाड करण्यापेक्षा हीच घ्या. सुरुवातीला क्लिष्ट वाटते, पण कोणी कधी कोणाला काय पाठवलं याची नोंद आपोआप राहते, आणि वर्षभराने भांडण झालं की हीच नोंद कामी येते.

लेखकांकडून एक रुपयाही घेऊ नका. खर्चासाठी सुद्धा नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. नियतकालिक विद्यापीठाच्या नावाने निघणार की विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या? विद्यापीठाचं नाव, शिक्का, संकेतस्थळाचा पत्ता यांपैकी काहीही वापरायचं असेल तर डीनमार्फत लेखी परवानगी हवी आणि प्रकाशक म्हणून संस्थेचं नाव जायला हवं. हे व्हायला एखादं सत्र लागू शकतं. परवानगी सहज मिळण्यासारखी असेल तर तीच वाट धरा, कारण संस्था टिकते आणि मंडळं विरतात. मिळणार नसेल किंवा फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहणार असेल, तर पहिलं वर्ष विभागाचं वार्तापत्र म्हणून काढा. त्यात परीक्षणाची शिस्त पूर्ण पाळा आणि मग त्या कागदांसकट परवानगी मागा. हातात काही दाखवायला असलं की अधिकारी वेगळ्या पद्धतीने ऐकतात.

लेख कुठून येणार, इथे तुमची पहिली खरी अडचण आहे आणि तिचं नाव आहे गाइड. तुम्हाला वाटतं की दरवर्षी एवढी डिसर्टेशनं होतात, त्यातले निम्मे विद्यार्थी लेख देतील. देणार नाहीत. विद्यार्थ्याचा डेटा बहुतेक वेळा गाइडच्या मोठ्या प्रकल्पाचा तुकडा असतो. तो तुकडा आयएसएसएन असलेल्या आणि परीक्षण करणाऱ्या नियतकालिकात आला की तो प्रकाशित झाला. मोठं नियतकालिक एकदा प्रकाशित झालेलं काम पुन्हा घेत नाही. त्यामुळे ज्या बाईंनी पाच वर्षं घालवून एक संयुग तयार केलंय, त्या त्याचा वर्णपट तुमच्या दुसऱ्या अंकात येऊ देणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. अर्काइव्ह किंवा बायोअर्काइव्हसारख्या संकेतस्थळांवर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा मसुदा, ठेवणं वेगळं, ते पुष्कळ नियतकालिकं चालवून घेतात. तुमचं प्रकाशन म्हणजे प्रीप्रिंट नव्हे. ही गोष्ट लेख मागवण्याच्या पत्रकातच स्वच्छ लिहा आणि गाइडची सही असल्याशिवाय काही घेऊ नका. सह्यांचा आग्रह धरलात की सुरुवातीला लेख कमी येतील, पण दोन वर्षांनी प्राध्यापक स्वतःहून मुलांना तुमच्याकडे पाठवायला लागतील.

मग घ्यायचं काय? जे मोठी नियतकालिकं घेत नाहीत आणि तरी ज्यात खरं काम आहे, ते. अपेक्षित निकाल न आलेले प्रयोग. छापील पद्धत आपल्या लॅबमधल्या उपकरणांवर चालते का याची तपासणी. स्वस्त किट आणि महागडं उपकरण यांच्या रीडिंगची तुलना. एखाद्या जुन्या प्रयोगाची काळजीपूर्वक पुनरावृत्ती. नेमका प्रश्न घेऊन लिहिलेला, आधीच्या संशोधनाचा आढावा. 'नॅनोकण: एक विहंगावलोकन' छापाचा नव्हे. शिवाय नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्या मुलांचे प्रकल्प लहान, सुटसुटीत आणि बऱ्याचदा गाइडच्या मुख्य कामाच्या बाहेरचे असतात. तुमचा लेखांचा मुख्य झरा तोच ठरेल असं मला वाटतं.

बडोद्याचं म्हणून एक सांगतो. आपल्याकडची बरीच मुलं नंदेसरी, मकरपुरा भागातल्या कंपन्यांत प्रोजेक्ट करतात. तो डेटा कंपनीचा असतो, विद्यार्थ्याचा नाही. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला एक आकडाही छापू नका. विश्वामित्री नदीतल्या मगरींवर लिहायची हौस दर वर्षी कोणा ना कोणाला येतेच. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. काठावरून मोजणं आणि पकडून मोजणं यांत कायद्याने मोठं अंतर आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी कुठली आणि कशासाठी, हे विचारा. उंदरांवरचे प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचं पत्र हवं. माणसांचं रक्त, प्रश्नावल्या, वसतिगृहातल्या मुलींचं हिमोग्लोबिन, असं काही असेल तर मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीचं हवं, आणि तेही काम सुरू होण्याआधीच्या तारखेचं. नंतर आणलेलं पत्र चालत नाही. हे ठामपणे सांगायला कोणीतरी कडक माणूस संपादक मंडळात ठेवा.

आता परीक्षण. माझ्या दृष्टीने सगळं नियतकालिक यासाठीच काढायचं असतं. विद्यार्थी लिहायला कुठेही शिकेल, पण दुसऱ्याचं काम बारकाईने वाचून, न दुखावता आणि न भिता, 'हे सिद्ध झालेलं नाही' असं सांगायला आपल्याकडे शिकवतच नाहीत.

एक उदाहरण घेतो. काळा घोडा पुलाजवळच्या विश्वामित्रीच्या पाण्यावरचं एक हस्तलिखित आमच्याकडे आलं होतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजलेला, उन्हाळ्यात तो कमी, म्हणून निष्कर्ष असा की उन्हाळ्यात प्रदूषण वाढतं. ग्राफ देखणा, भाषा सफाईदार. एका प्राध्यापकांनी 'चांगला प्रयत्न' असं लिहून परत पाठवलं. दुसरी परीक्षक बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची मुलगी होती. तिने तीनच प्रश्न विचारले. पाण्याचं तापमान नोंदवलं का? कारण २० अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशांना साधारण ७.६, म्हणजे नुसत्या उकाड्यानेच दीड मिलिग्रॅमचा फरक पडतो, तो वजा केल्यावर प्रदूषणाच्या वाट्याला किती उरतं? ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीत मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड नदीकाठीच बाटलीत घालावं लागतं, ते तिथेच घातलं की बाटल्या स्कूटरवर लॅबपर्यंत आणून मग? आणि तीन रीडिंग घेतली म्हणता, ती तीन बाटल्यांची की एकाच बाटलीतल्या पाण्याची तीनदा? एकाच बाटलीची असतील तर एरर बार, म्हणजे ग्राफवरची मोजमापातला फरक दाखवणारी रेघ, नदीबद्दल काहीच सांगत नाही, तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच सांगतो.

लेखकाला तापमानाची नोंद सापडली. टक्केवारीत संपृक्तता, म्हणजे त्या तापमानाला मावतो त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे ते, काढून पाहिल्यावर फरक पुष्कळ आक्रसला आणि लेख 'उन्हाळ्यात प्रदूषण' ऐवजी 'ऋतूंची तुलना करताना तापमानाची दुरुस्ती का हवी' असा होऊन बाहेर पडला. तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला लेख होता. असे प्रश्न सुचायला विद्वत्ता फार लागत नाही, काय बघायचं ते माहीत असावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

शिकवायचं कसं? सत्राच्या सुरुवातीला दोन-तीन शनिवार बसा. आधी छापून आलेला, थोडा कच्चा लेख घ्या, सगळ्यांनी घरून वाचून यायचं आणि प्रत्येकाने आपले प्रश्न लेखी आणायचे. मग एखादे प्राध्यापक आपले प्रश्न दाखवतील. दोन्ही यादींमधला फरक बघताना जे कळतं ते कुठल्याही कार्यशाळेत कळत नाही. सोबत सेव-उसळ असली की उपस्थिती बरी राहते, हेही सांगून ठेवतो.

प्रत्येक हस्तलिखिताला दोन परीक्षक द्या. एक विद्यार्थी, वेगळ्या लॅबमधला, आणि एक पीएच.डी. झालेला किंवा करत असलेला. लेखकाचं नाव परीक्षकापासून लपवायचा आटापिटा आमच्यासारख्या लहान ठिकाणी व्यर्थ आहे. कुठलं उपकरण कोणाच्या खोलीत आहे हे शिपायालाही माहीत असतं. परीक्षकाचं नाव मात्र लेखकाला कळू देऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने सीनियरच्या कामावर खरं लिहावं असं वाटत असेल तर तेवढं संरक्षण तिला द्यावंच लागतं. विद्यापीठ मोठं असेल, विभाग दूरदूर असतील, तर दोन्ही नावं झाकणं जमू शकेल. तुमची परिस्थिती बघून ठरवा.

संपादकांचे स्वतःचे लेख हा नाजूक विषय आहे. पहिल्या अंकाला लेख कमी पडतात आणि मग मंडळातलेच लोक भर घालतात. मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांची जी आंतरराष्ट्रीय निर्देशिका आहे, डीओएजे, तिचा नियम असा की अलीकडच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात संपादक, मंडळाचे सदस्य किंवा परीक्षक यांचा हात असलेले लेख २५ टक्क्यांच्या वर नसावेत. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात निदान दोघे पीएच.डी. किंवा समकक्ष हवेत आणि वर्षाला किमान पाच संशोधन-लेख हवेत, असंही ती म्हणते. तिथे आज अर्ज करायचा नसला तरी या अटी पहिल्या दिवसापासून पाळा. पुढे अर्ज करायची वेळ आली तर जुने अंक आड येणार नाहीत.

वाङ्मयचोरीच्या तपासणीसाठी वेगळे पैसे घालवू नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या संस्थेच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना ते सॉफ्टवेअर मिळतं, ग्रंथपालांना भेटा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण आकड्यावर विसंबून राहू नका. पद्धतीच्या भागात साम्य येणारच. चर्चेच्या भागात एक सबंध परिच्छेद उचललेला असेल तर एकूण ६ टक्के असूनही तो लेख परत जायला हवा. हल्ली त्याहून मोठा त्रास चॅटबॉटने रचलेल्या संदर्भांचा आहे. नाव खरं, नियतकालिक खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही. म्हणून सहायक संपादकांना एकच कंटाळवाणं काम नेमून द्या: यादीतला प्रत्येक संदर्भ उघडून बघायचा. आणि परीक्षकांना बजावा की हस्तलिखित कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही, ते दुसऱ्याचं अप्रकाशित काम आहे.

इथपर्यंत लेख आणि परीक्षण झालं. आता टिकण्याचं बघू, कारण तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही.

विद्यार्थ्यांनी नियतकालिक पिढ्यान्‌पिढ्या चालवणं अशक्य नाही. अमेरिकेत कायद्याची मोठी नियतकालिकं विद्यार्थीच संपादित करतात. हार्वर्डचं १८८७पासून चालू आहे. तिथे संपादक मंडळात निवड होणं हाच मान आहे आणि दर वर्षी मंडळ बदलतं हे गृहीत धरूनच सगळी रचना केलेली असते. अर्थात तिथे लेख प्राध्यापकांचे असतात, तेव्हा लेखांची वानवा त्यांना नाही. आपल्याला रचनेपुरतं त्यांच्याकडून घ्यायचं.

रचना अशी सुचवतो. मुख्य संपादक एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा असेल तर उपसंपादक पहिल्या वर्षाचाच हवा, आणि पुढच्या वर्षी तोच मुख्य होणार हे आधीच जाहीर असावं. मंडळात दोन तरी पीएच.डी.चे विद्यार्थी घ्या. ते चार-पाच वर्षं इथेच असतात आणि नियतकालिकाची आठवण त्यांच्याकडे राहते. तिसरा खांब ग्रंथपाल. प्राध्यापक सल्लागार बदलतात, रजेवर जातात, विभागप्रमुख झाले की त्यांना वेळ उरत नाही. ग्रंथपाल सहसा जागेवर असतात, आणि नियतकालिकं बंद कशी पडतात हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं.

ईमेल, डोमेन, पासवर्ड हे कोणाच्याही खासगी नावावर नको. एका गटाने डोमेन आपल्यातल्याच एकाच्या कार्डावर घेतलं होतं. तो परदेशी गेला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, आणि पुढच्या वर्षी नियतकालिकाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडायला लागली. जुने सगळे लेख गेले. तुम्ही विद्यापीठाच्याच सर्व्हरवर जागा मागा. आयएसएसएन मिळाल्यावर ओपन जर्नल सिस्टिम्सच्या मंडळींचं जतन-जाळं आहे, त्यात नाव घाला. ते मोफत आहे आणि अंकांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात. शिवाय प्रत्येक अंकाची एक प्रत ग्रंथालयात, कागदावर.

वेळापत्रक बडोद्याच्या पंचांगाप्रमाणे लावा, हे थट्टेने म्हणत नाही. जुलैत लेख मागवा. गणपती उरकेपर्यंत हस्तलिखितं येऊ द्या. नवरात्रात कोणी काही वाचणार नाही. नऊ रात्री गरबा आणि दिवसा झोप, तेव्हा ती मुदतवाढ आधीच धरा. दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिलं परीक्षण, परीक्षा संपल्यावर दुरुस्त्या, आणि अंक पुढच्या सत्राच्या मध्यावर. वर्षाला एकच अंक जाहीर करा. चौमाही म्हणून सुरू करून वर्षात एकच काढण्यापेक्षा वार्षिक म्हणून वेळेवर काढणं केव्हाही बरं.

भाषेबद्दल. लेख इंग्रजीत असणार, ते ठीकच. पण प्रत्येक लेखाचा दीडशे शब्दांचा सारांश मराठीत आणि गुजरातीतही छापा. बडोद्याला हे नवं नाही. इथे १९१२मध्ये 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल बोर्डन यांनी ती सगळी ग्रंथालय-व्यवस्था उभी केली होती. ते १९१३मध्ये परतले तरी नियतकालिक पुढे काही वर्षं चाललं, कारण त्यांनी माणसं तयार करून ठेवली होती. मराठी सारांशाचा आणखी एक फायदा असा की स्वतःचा प्रयोग ज्याला नीट समजलेला नाही त्याला तो लिहिताच येत नाही. संपादक म्हणून आम्हाला ही चाचणी फार उपयोगी पडली. दांडिया बाजारातल्या मराठी पालकांना आपला मुलगा काय करतो ते कळतं, हा वरचा लाभ.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर वेंकटरामन रामकृष्णन यांचा फोटो घालायचा बेत असेल तर तो सोडून द्या. १९७१मध्ये इथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले, २००९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण तो फोटो प्रत्येक स्मरणिकेवर असतो आणि तुमचा अंक स्मरणिका वाटता कामा नये. त्याच कारणासाठी कुलगुरूंचा संदेश, डीनचा संदेश, विभागप्रमुखांचा संदेश ही पानं निमंत्रणपत्रिकेत घाला. अंकात पहिल्या पानापासून लेख सुरू होऊ द्या. यावरून थोडी नाराजी होईल. ती सल्लागार प्राध्यापकांनी निस्तरायची, तुम्ही नाही. सल्लागार त्यासाठीच असतात.

राहिला २८ फेब्रुवारी. हस्तलिखितंच अजून आलेली नसतील तर या फेब्रुवारीत परीक्षण केलेला अंक निघणार नाही. निघाला तर परीक्षण न करता निघेल, आणि पहिल्या अंकाची ती ओळख पुढे पुसता येत नाही. त्या दिवशी नियतकालिक जाहीर करा, पुढच्या वर्षाचा उपसंपादक जाहीर करा आणि एक उघडं परीक्षण ठेवा: एक छापील लेख, समोर दोन परीक्षक, मधे फळा, आणि प्रेक्षकांनाही प्रश्न विचारायची मुभा. पहिल्या वर्षाच्या मुलांना आवर्जून बोलवा, जुलैत तुम्हाला परीक्षक तिथूनच मिळतील. परीक्षकांना द्यायच्या प्रश्नपत्रात आमच्याकडे एवढंच असायचं: प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का, नमुने किती आणि ते स्वतंत्र आहेत का, तुलनेसाठी कंट्रोल कुठला, ग्राफच्या अक्षांवर एककं आहेत का, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे गेलाय का, आणि हाच प्रयोग दुसऱ्याला या मजकुरावरून करता येईल का. गणित किंवा संगणकशास्त्राचे लेख घेणार असाल तर त्यांना यातले निम्मे प्रश्न लागू नाहीत. त्यांच्यासाठी सिद्धता आणि कोड तपासणारा वेगळा कागद त्या विभागातल्या पीएच.डी.च्या मुलांकडून करून घ्या.